पोहण्याची अट माफ

रॉकफर्ड, इलिनॉय
४ सप्टेंबर २०२२

प्रिय आजोबा,

फोन करायचा नाही, पत्रच लिहायचं, हा तुमचा हुकूम. "एकतीस वर्षं पोस्टमनकी केली, जगाची पत्रं वाहिली, आता चार माझ्या नावाने येऊ देत," हे तुमचं वाक्य आईने फ्रिजवर चिकटवून ठेवलंय. तर घ्या हे पत्र, आणि आधीच सांगते, गोड नाही.

मला शिसारी आलीय. शाळेचं शेवटचं वर्ष सुरू झालं आणि विद्यापीठांच्या माहितीपत्रकांचा पूर आला. आजवर त्रेसष्ट. प्रत्येकावर तेच झाड, झाडाखाली हसणारी तीच तीन मुलं, आणि त्यातलं एक आपल्यासारखं काळं, ते कायम मधोमध. परवा दोन वेगळ्या राज्यांच्या पत्रकांवर एकच मुलगा सापडला. बिचारा दोन्हीकडे शिकतोय आणि दोन्हीकडे हसतोय.

आमच्या राज्यातल्या मोठ्या विद्यापीठात मला प्रवेश मिळेल, पण फीसाठी मदत मिळणार नाही. कारण आई शनिवार-रविवारी जादा बस चालवते आणि त्यामुळे मदतीच्या उत्पन्नमर्यादेच्या दोन हजार डॉलर वर जाते. म्हणजे ती रविवारी घरी झोपली असती तर मी शिकले असते! आमच्या शाळेच्या सल्लागार कोवाल्चिक बाई म्हणाल्या, "दुसऱ्या राज्याचं सरकारी विद्यापीठ बघ, ज्याचा ऑनर्स विभाग चांगला आहे." ऑनर्स म्हणजे मोठ्या विद्यापीठाच्या पोटातलं छोटं विद्यापीठ. वीस-वीस जणांचे वर्ग, प्राध्यापक तुम्हाला नावाने ओळखणार, पहिल्या वर्षापासून प्रयोगशाळेत हात. मला रसायनशास्त्र तसंच शिकायचंय. चारशे डोक्यांच्या सभागृहात मागच्या बाकावरून नाही.

अडचण एकच. परराज्यातल्यांना फी तिप्पट. काही ठिकाणी गुणांवर सूट देतात, म्हणून मी वहीत यादी केलीय. पहिल्याची सूट फक्त पहिल्या वर्षापुरती, हे अगदी तळाशी मुंगीएवढ्या अक्षरात. दुसऱ्याचा ऑनर्स म्हणजे वेगळ्या रंगाचा टी-शर्ट आणि महिन्यातून एकदा पिझ्झा. तिसऱ्याने मला "प्रिय जॉनेल" म्हणून पत्र पाठवलं. नावही धड नाही आणि म्हणे तुम्ही आम्हाला फार खास आहात. शी!

तुमच्याकडे काही डोकं लढवा.

तुमची,
जुनेल

*

कॅल्विन्स फोर्ड
१५ सप्टेंबर २०२२

प्रिय भुंग्या,

तू जूनमध्ये जन्मलीस, आणि त्या रात्री व्हरांड्यातल्या दिव्यावर भुंगे घोंघावत होते, म्हणून मी तुला भुंगा म्हणतो. तुझं पत्र वाचून वाटलं, नाव बरोबर ठेवलंय.

त्रेसष्ट पत्रकं म्हणजे काहीच नाही. ऑगस्टच्या उन्हात खांद्यावरच्या पिशवीत असला चकचकीत कचरा घालून मी दारोदार फिरलोय. लोक माझ्या डोळ्यांदेखत ते डब्यात टाकायचे. एकदा एका बाईने तर मलाच विचारलं, "तुम्हीच परस्पर डब्यात टाकलं तर नाही का चालणार?" सरकारी टपाल आहे बाई, म्हटलं, कचरा असला तरी तो तुमच्या नावाचा कचरा आहे.

मी इथल्या वाचनालयात जाऊन बसलो. तिथल्या मुलीने यंत्रावर शोधून दिलं. पश्चिमेकडे दोन विद्यापीठं आहेत, उत्तरेकडे एक, तिघांच्याही ऑनर्सला लोक बरं म्हणतात. सोबत कागद जोडलाय. प्रत्येकाला तीन प्रश्न विचार. सूट चारही वर्षं का? किती गुण खाली आले की ती जाते? आणि ऑनर्सच्या वर्गाला खुद्द प्राध्यापक शिकवतो की त्याचा विद्यार्थी? टी-शर्टाबद्दल विचारू नकोस, त्याबद्दल ते स्वतःहून सांगतील.

आमच्या इथलं, दक्षिणेतलं विद्यापीठ मात्र यादीत धरू नकोस. उकाडा भयंकर, झुरळं बोटाएवढी, आणि शनिवारी फुटबॉल असला की आख्खं गाव वेडं होतं. मी चार वर्षं काढली आहेत, मला विचार.

माझ्या लेकीला, रोझेटाला सांग, रविवारी झोपत जा.

तुझा,
आजोबा

*

रॉकफर्ड
९ ऑक्टोबर २०२२

प्रिय आजोबा,

बसला आहात ना? नसाल तर बसा.

पश्चिमेकडच्या दोघांनी तुमच्या तीन प्रश्नांची उत्तरंच दिली नाहीत. "आमच्या आनंदी परिवारात स्वागत" असं मात्र दोनदा कळवलं. उत्तरेकडच्याची सूट दुसऱ्या वर्षी निम्मी होते. मी वही फेकून देणार होते. मग म्हटलं, आजोबांनी नको म्हटलंय ते एकदा बघू तरी.

आजोबा, तुमच्या विद्यापीठाचा ऑनर्स विभाग मी आजवर पाहिलेल्यांत सगळ्यात चांगला आहे! पंधरा जणांचा वर्ग. दुसऱ्या सत्रापासून स्वतःचा प्रयोग. आणि खरी गंमत पुढे आहे. त्यांचा एक नियम आहे, परराज्यातला विद्यार्थी जर तिथल्या पदवीधराचा मुलगा किंवा नातवंड असेल तर त्याची जादा फी माफ. पूर्ण माफ, चारही वर्षं. मी घरचीच समजली जाईन. आईला सांगितलं तर तिने बस थांब्यावर उभी करून मला मिठी मारली. मागून लोक हॉर्न वाजवत होते.

हे तुम्हाला ठाऊक नव्हतं का? झुरळांचं काय घेऊन बसलात! रॉकफर्डमध्येही झुरळं आहेत, आणि ती फुकट शिकवत नाहीत.

तुम्ही फक्त एक करा. दिवाणखान्यात टीव्हीच्या वर ते लाल कातड्याचं फोल्डर टांगलंय ना, सोनेरी शिक्क्याचं, उजेडाने शाई उडते म्हणून तुम्ही कधी उघडू देत नाही ते, ते उघडून पदवीचा एक फोटो काढून घ्या. वाचनालयातली मुलगी काढून देईल. मुदत १ डिसेंबरची आहे.

तुमची (आणि आता तुमच्या विद्यापीठाचीही),
जुनेल

*

कॅल्विन्स फोर्ड
२० ऑक्टोबर २०२२

प्रिय भुंग्या,

छप्पर गळतंय, त्यामुळे भिंतीवरचं सगळं काढून मागच्या शेडमध्ये ठेवलंय. फोल्डर कुठल्या खोक्यात गेलं ते सापडत नाही. ओल लागली असेल तर उघडलं की कागद फाटेल. घाई करू नकोस.

आणि तुला उगाच वाटतंय त्या जागेबद्दल. पत्रकातलं झाड मी पाहिलंय, त्याखाली काय चालायचं तेही पाहिलंय. पैशांची अडचण असेल तर माझी गाडी मी कुठे रोज काढतो? विकून टाकतो. तू उत्तरेकडचं बघ. भेंडी यंदा छान आली, तळून खातोय.

आजोबा

*

रॉकफर्ड
६ नोव्हेंबर २०२२

प्रिय आजोबा,

छप्पर, शेड, खोकं, ओल, आणि वर भेंडी! प्रवेशाचं विचारलं तर माणूस जेवणाचं सांगतो. तुमची गाडी विकून एका सत्राची पुस्तकं येतील फार तर.

मी तुमची वाट पाहिली नाही. कोवाल्चिक बाई म्हणाल्या, फोटो नसला तरी चालेल, नाव आणि साल दिलं की ते स्वतः तपासतात. तर मी लिहिलंय, इझेल व्हिटलो, रसायनशास्त्र, १९७१. ऑनर्सला निबंधही लागतो, तो तुमच्यावर लिहिला. गोऱ्यांच्या विद्यापीठात पहिल्या काही काळ्या मुलांमधले तुम्ही, पदवी घेऊन आलात तर कुणी प्रयोगशाळेत नोकरी देईना, मग टपालाची पिशवी उचललीत आणि त्यातही ताठ चाललात. लाल कोबीच्या पाण्याने तुम्ही मला आम्ल आणि अल्क दाखवलंत, तेही घातलंय. कोवाल्चिक बाई वाचताना रडल्या. त्या सहसा रडत नाहीत, पोलिश आहेत.

अर्ज गेला. आता रागवायचं असेल तर रागवा.

जुनेल

*

कॅल्विन्स फोर्ड
१२ नोव्हेंबर २०२२

भुंग्या,

तो अर्ज मागे घे. निबंधही. ताबडतोब. कारण विचारू नकोस, या एका गोष्टीत माझं ऐक.

आजोबा

*

रॉकफर्ड
२९ नोव्हेंबर २०२२

आजोबा,

विद्यापीठाच्या नोंदणी कार्यालयाचं पत्र आलं. "इझेल व्हिटलो, प्रवेश १९६७. पदवी प्रदान केलेली नाही."

मला वाटलं चूक आहे. तिथे फोन करून भांडले, आजोबा! ड्युप्री नावाच्या बाई होत्या, त्या बिचारींनी तळघरातून जुनं कार्ड काढून वाचून दाखवलं. सगळे विषय पास. रसायनशास्त्रात तर वर्गात दुसरे. फक्त एक अट राहिली, पोहण्याची परीक्षा. तेव्हा प्रत्येकाला तलावात चार फेऱ्या मारून दाखवाव्या लागत, त्याशिवाय पदवी नाही. तुमच्या कार्डावर लिहिलंय, "अपूर्ण".

चार फेऱ्या. लहान मुलं मारतात त्या. चार वर्षं शिकलात, दुसरे आलात आणि पाण्याला घाबरलात? बरं, घाबरलात तर घाबरलात. मग पन्नास वर्षं ते फोल्डर कशाला? आई बसच्या गणवेशातच खुर्चीवर बसून राहिली होती. म्हणाली, "अभ्यास केला नाही की तो मला त्या फोल्डरखाली उभं करायचा. म्हणायचा, वर बघ." तुम्ही तिला रिकाम्या फोल्डरखाली उभं करत होता.

आणि मी त्यावर निबंध लिहिला. तो आता त्यांच्या टेबलावर आहे, आणि शेजारी ड्युप्री बाईंचं कार्ड. मी त्रेसष्ट विद्यापीठांच्या थापा पकडल्या, वहीत लिहून ठेवल्या, आणि सगळ्यात मोठी थाप आमच्याच घरात टीव्हीच्या वर टांगलेली होती. मला तुमची किळस आली. हे लिहिलंय, आणि खोडणार नाही.

जुनेल

*

कॅल्विन्स फोर्ड
१० डिसेंबर २०२२

प्रिय जुनेल,

तुझं पत्र मी तीन वेळा वाचलं. किळस हा शब्द तू नीट वापरलास. पण तो शब्द त्या गोष्टीत तुझ्या आधीपासून आहे, म्हणून तुला सगळं सांगतो. ऐकून घे, मग पुन्हा तोच शब्द वापरावासा वाटला तर वापर.

मला पोहता येत होतं.

मी चौदा वर्षांचा असताना गावच्या फक्त गोऱ्यांसाठी असलेल्या पोहण्याच्या तलावात आम्हालाही घ्यावं असा कोर्टाचा हुकूम आला. गावाने काय केलं, तर तलावात ट्रकने माती ओतली आणि वर गवत लावलं. आपल्या पोरांनाही पोहायला मिळणार नाही, चालेल, पण आमच्यासोबत नको. आजही ते गवत आहे, तिथे लोक कुत्री फिरवतात. मी पोहायला शिकलो ते ओढ्यात. गाळ, साप, मांगूर मासे, सगळ्यांच्या संगतीत. त्या पाण्यात चार काय, चाळीस फेऱ्या मारायचो.

मार्च १९७१. पोहण्याची परीक्षा पंधरा जणांच्या गटाने द्यायची असे. माझ्या आईने, तुझ्या पणजीने, एस्टेलने, जुन्या पँटची चड्डी शिवून दिली होती. मी पाण्यात उतरलो. आणि बाकीचे चौदा जण एकेक करून शिडीने वर गेले. कुणी शिवी दिली नाही. दिली असती तर बरं झालं असतं, शिवीला तोंड देता येतं. एक पोरगा, माझ्याच प्रयोगशाळेतला, दोन वर्षं माझ्या शेजारच्या टेबलावर काम केलेला, टॉवेलने आपला दंड घासत होता. लाल होईपर्यंत. त्याच्या तोंडावर राग नव्हता. पानात काही पडल्यावर होतं तसं तोंड झालं होतं त्याचं.

मी पोहलो. चार फेऱ्या मागितल्या होत्या, आठ मारल्या. वर आलो तर मास्तरांनी कार्डावर "अपूर्ण" लिहिलं. म्हटलं, "सर, मोजल्या नाहीत का?" म्हणाले, "परीक्षा गटाने द्यायची असते. गट कुठे आहे?" मग जरा मऊ आवाजात, माझ्यावर उपकार करावा तसं, म्हणाले, "गुरुवारी संध्याकाळी एकटा ये. शुक्रवारी सकाळी आम्ही पाणी बदलतो."

समजलं ना? मी रसायनशास्त्राचा विद्यार्थी. त्या पाण्यात किती क्लोरीन असतं ते मला तोंडपाठ होतं. माझ्या अंगामुळे त्यात काय बिघडणार होतं ते कुठल्याही सूत्रात बसेना.

मी गुरुवारी गेलो नाही. पुढच्या गुरुवारीही नाही.

पदवीदानाला आई आली, चर्चमधल्या दोघींना घेऊन, तिघींनी टोप्या घातलेल्या. माझं नाव पुकारलं गेलं, कारण यादी आधीच छापलेली होती. तिथे फोल्डर सगळ्यांनाच रिकामं देतात, आतला कागद नंतर टपालाने येतो. इतरांचा आला. आईने घरी येताच फोल्डर भिंतीवर ठोकलं आणि म्हणाली, "कागद आला की आत घालू." ती रोज टपालपेटी बघायची. अडीच महिने. मग एक दिवस मी म्हटलं, आला, घातला आत, उघडू नकोस, उजेडाने शाई उडते. तिने आयुष्यात कधी उघडलं नाही. रसायनशास्त्राचा तेवढा एकच उपयोग मी केला.

पदवी नव्हती म्हणून प्रयोगशाळेत अर्जच केला नाही. टपाल खात्याने काही विचारलं नाही. रोझेटाला मी त्याखाली उभं केलं, ते खरं आहे. त्याबद्दल मला काही बोलायचं नाही, बोलण्यासारखं काही नाही. थाप ती थापच. त्या चौदा जणांची किळस मला कळते, मास्तरांची कळते. पण गेली पन्नास वर्षं टीव्ही बघताना नजर वर गेली की मला येते ती माझीच.

तुझा फायदा होणार होता तेव्हाही मी छप्पर गळतंय म्हणालो. छप्पर चांगलं आहे.

आजोबा

*

रॉकफर्ड
८ जानेवारी २०२३

प्रिय आजोबा,

तुमचं पत्र आईने मोठ्याने वाचायला घेतलं आणि टॉवेलपाशी थांबली. पुढचं मी वाचलं. मग ती उठून भांडी घासायला लागली, घासलेलीच.

मी तो शब्द मागे घेते. तुमच्यावरून. दुसऱ्या कुणावर टाकायचा ते आता मला ठाऊक आहे.

पहिला निबंध मी मागे घेतला आणि खरा लिहून पाठवला. तो वाचून ऑनर्सच्या कार्यालयातून फोन आला. प्रवेश दिला. त्याच दमात विचारलं, "आजोबा येतील का फोटोला? आम्हाला ही गोष्ट पत्रकावर घ्यायला आवडेल." झाडाखाली, मधोमध! मी फोन आपटला, मग घाबरले, प्रवेश काढून घेतील म्हणून. काढला नाही.

आता महत्त्वाचं. ड्युप्री बाईंनी सांगितलं, पोहण्याची अट विद्यापीठाने १९८३ सालीच काढून टाकली. तेव्हापासून कुणीही जुना विद्यार्थी एक अर्ज करून पदवी मागू शकत होता. एक अर्ज, आजोबा. चाळीस वर्षं. आणि तुम्हाला आजही पदवी मिळाली तर नियमाप्रमाणे माझी जादा फी माफ होते. १५ मार्चपर्यंत वेळ दिलाय. अर्ज सोबत आहे. छापील मजकूर आहे, खाली तुमची सही हवी, बस.

तुमची,
जुनेल

*

कॅल्विन्स फोर्ड
२० जानेवारी २०२३

प्रिय भुंग्या,

अर्ज वाचला. त्यातलं तिसरं वाक्य बघ. "माझी पोहण्याची अट माफ करण्यात यावी, अशी मी विनंती करतो."

माफ!

मी त्यांच्याकडे माफी मागायची. कशाची? आठ फेऱ्या मारल्याची? पाणी नासवल्याची? तुझी फी त्यांनी माफ करावी, ती त्यांची फी आहे. पण माझ्या खात्यात माफ करण्यासारखं काय आहे ते त्यांनी मला दाखवावं. पन्नास वर्षं मी स्वतःशी खोटं बोललो असेन, पण "मला माफ करा" असं त्या तलावाच्या काठावर उभं राहून म्हटलं नाही. आता सहीने म्हणू?

पेन हातात घेतलं होतं. खरंच घेतलं होतं. खाली ठेवलं.

मला समजून घे किंवा घेऊ नकोस.

आजोबा

*

रॉकफर्ड
५ फेब्रुवारी २०२३

प्रिय आजोबा,

तो शब्द मी वाचलाच नव्हता. मी फक्त "सही" कुठे करायची ते बघितलं. आता वाचला, आणि मीही पेन खाली ठेवलं असतं.

मी ड्युप्री बाईंना विचारलं, शब्द बदलता येईल का? म्हणाल्या, अर्जाचा नमुना ठरलेला आहे, त्यात एकच शब्द छापलेला आहे. आवाजावरून त्यांनाही वाईट वाटलं असावं.

खरं सांगते, दुसरीकडे काही उरलं नाही. एका विद्यापीठाने ऑनर्स दिला पण सूट नाही, दुसऱ्याने सूट दिली पण रसायनशास्त्राचा ऑनर्सच नाही. नाही जमलं तर मी दोन वर्षं इथल्या छोट्या कॉलेजात जाईन आणि दुपारी बस डेपोत तिकिटांच्या खिडकीवर बसेन. आईने विचारून ठेवलंय. मला ते नकोय, मला प्रयोगशाळा हवी आहे, हे लपवत नाही. पण सही करा असं म्हणणार नाही. तुम्ही गुरुवारी गेला नाहीत, ते बरोबर केलंत. मीही गेले नसते.

तुमची,
भुंगा

*

कॅल्विन्स फोर्ड
११ मार्च २०२३

प्रिय भुंग्या,

तुझं पत्र महिनाभर खिशात घेऊन फिरलो. त्यातलं "हे लपवत नाही" एवढंच डोक्यात राहिलं. आपल्या घरात ते वाक्य पहिल्यांदा कुणीतरी लिहिलं.

काल विद्यापीठात गेलो. काल म्हणजे शुक्रवार, आणि सकाळी. वार मी मुद्दाम निवडला.

आधी ड्युप्री बाईंकडे. गोऱ्या आहेत, चष्मा दोरीला बांधलेला, वय माझ्यापेक्षा थोडं कमी. म्हटलं, "बाई, मी इझेल व्हिटलो, परीक्षा द्यायला आलोय." त्या म्हणाल्या, "अहो, ती परीक्षा आता नाहीच." म्हटलं, "माझ्या कार्डावर आहे. अपूर्ण लिहिलंय. पूर्ण करायचीय." त्यांनी चष्मा डोळ्यांवर चढवला. मग कपाटातून ते जुनं कार्ड काढलं, कोट घातला आणि म्हणाल्या, "चला, तलाव मी दाखवते." वाटेत एक पोरगी उलटं चालत पंधरा-वीस पालकांना ऑनर्सचं वसतिगृह दाखवत होती. त्यातल्या एका बापाने विचारलं, "इथे जेवण कसं असतं?" फी विचार मूर्खा, असं तोंडावर आलं होतं.

तलाव नवा आहे, वर काचेचं छप्पर. पंधराएक पोरं पाण्यात होती, सगळ्या रंगांची. काठावर शिट्टी घेऊन एकोणीस वर्षांची एक मुलगी. तिला काही कळेना, पण बाईंनी तिच्या हातात कार्ड दिलं आणि म्हणाल्या, "मोज." ड्युप्री बाई कोट घालून त्या दमट हवेत बाकावर बसल्या.

मी शिडीने उतरलो. कमरेएवढ्या पाण्यात उभा राहिलो. आणि वाट बघत बसलो. कशाची ते माझं मलाच आधी कळलं नाही. पोरं बाहेर जाण्याची वाट बघत होतो, भुंग्या. ती जातील, मग मी सुरू करीन. पन्नास वर्षांनीही अंगाला तेवढंच आठवत होतं. कुणी गेलं नाही. एक जाडा पोरगा धापा टाकत माझ्यापाशी आला आणि म्हणाला, "आजोबा, डावीकडून जा हं, मी उजवीकडून येतो."

चार फेऱ्या झाल्या. आठ नाही झाल्या, गुडघा दुखतोय. मुलीने कार्डावर "अपूर्ण" खोडून "पूर्ण" लिहिलं आणि तारीख घातली. ड्युप्री बाईंनी अर्जातलं तिसरं वाक्य पट्टी धरून खोडून टाकलं, बाजूला आपली सही केली, म्हणाल्या, "वरच्यांनी विचारलं तर माझ्याकडे पाठवा. मी जूनमध्ये निवृत्त होतेय, मला काय करणार आहेत?" मग मी सही केली. तुझी जादा फी त्यांनी माफ केली, तो कागद सोबत आहे. ऑगस्टमध्ये ये. माझी प्रयोगशाळा तिसऱ्या मजल्यावर होती, खिडकीजवळचं टेबल घे. झुरळांचं मात्र खरं सांगितलं होतं.

पदवीचा कागद आला की फोल्डरमध्ये घालायला रोझेटाला बोलाव. तिनेच घालावा.

आता एक गोष्ट राहिली, ती फक्त तुला सांगतो. तिसऱ्या फेरीत अगदी नाकासमोरून कुणाच्या तरी जखमेवरची पट्टी तरंगत गेली. वापरलेली, ओली, कडेला पिवळट झालेली. शुक्रवारचं ताजं पाणी म्हणे! शी, शी, शी. अंगावर काटा आला, ओठाला लागली की काय असं वाटलं. त्या तलावात काल एकट्या मलाच किळस आली असेल.

पण मी बाहेर आलो नाही. पट्टीला वळसा घातला आणि चौथी फेरी पुरी केली.

तुझा,
आजोबा